जोडीतला दुसरा मोजा

सुरत म्हटले की जर, साड्या आणि यंत्रमाग डोळ्यांपुढे उभे राहतात. या नगरीत लोकरीचे काय काम, असा प्रश्न कोणासही पडावा. येथील हिवाळा म्हणजे तापीकाठी पोंकाच्या भट्ट्या पेटतात तेवढ्याच दिवसांचा पाहुणा. जानेवारीतल्या पहाटेही पारा बहुधा १५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. तरीही ज्या मराठी घरात बाळंतपण जवळ आले आहे तेथे लोकरीचा गुंडा आणि दोन सुया दिसाव्यात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. अंगडे, टोपडे, दुपटे यांच्या जोडीला बाळंतविड्यात इवलेसे मोजे आणि हातमोजे असावेत, ही रीत आमच्या आयाबायांनी गाव सुटल्यावरही सोडली नाही.

या कामाला मराठीत आपण विणकाम म्हणतो. मागावरचे कापड विणायचे, बाज विणायची आणि मोजाही विणायचाच. एकाच क्रियापदावर आपण सारे भागवतो. गुजराती भाषेने मात्र येथे भेद केला आहे. मागावर ‘वणवुं’ आणि सुयांवर ‘गूंथवुं’. शिवाय पोळी लाटणे यालाही गुजरातीत ‘वणवुं’च म्हणतात. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम शेजारणीला आपण मोजे ‘वणतो’ असे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, “भाभी, रोटली तो रोज वणो छो, आजे शुं वणो छो?” ‘मोजा’ हा शब्द मात्र दोन्ही घरांत एकच, कारण तो दोघींकडेही फारसीतून आलेला.

वस्तू वीतभर, पण तिच्यातल्या अडचणी हातभर! स्वेटरची पाठ सरळसोट वाढत जाते. मोज्याला घोटा, टाच, तळवा आणि चवडा अशी चार वळणे. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशा टाक्यांनी ताणदार करावी, टाचेपाशी अर्ध्या ओळीतून मागे फिरत खोलगा तयार करावा, चवड्याशी दोन-दोन टाके एकत्र घेऊन निमुळते व्हावे. बारीक कामाला सुयाही बारीक लागतात. जुन्या मापाच्या सुयांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. दहापेक्षा बारा नंबरची सुई नाजूक. नवशिकी मुलगी नेमकी येथेच फसते, मोठा नंबर घेते आणि मोजा बाहुलीचा होतो.

त्यात संसार मध्ये येतो. टाके मोजत असतानाच दूध उतू जाते, दारावरची घंटा वाजते, धाकटा गुंड्याशी खेळत पलंगाखाली जातो. परत येऊन पाहावे तो एक टाका गळून चार ओळी खाली शिडी पडलेली असते. जाणती बाई घाबरत नाही. क्रोशाच्या सुईने ती एकेक पायरी वर चढवते आणि गळलेला टाका जागेवर आणते. चूक फार खाली असेल तर मात्र उसवण्याला पर्याय नाही. उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लड करून ती ओली करावी आणि खाली हलके वजन टांगून वाळवावी, म्हणजे पुन्हा सरळ होते.

खरी कसोटी दुसऱ्या मोज्याची. पहिला मोजा उत्साहावर विणून होतो. दुसऱ्यात नवे काही उरलेले नसते. तेच टाके, त्याच ओळी. कित्येक घरांच्या पेटीत असा एकेकटा मोजा वर्षानुवर्षे पडून असतो. बरे, दुसरा विणला तरी तो पहिल्यासारखा होईलच असे नाही. मन निवांत असताना टाका सैल पडतो, चिंतेत असताना आवळतो. हातमोज्यांत तर आणखी एक मेख असते. अंगठ्याची जागा दुसऱ्या हातमोज्यात उलट बाजूस घ्यावी लागते. ती विसरली की दोन्ही हातमोजे डाव्या हाताचे! म्हणून सुगरण विणकरीण ओळींची संख्या दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवते, किंवा दोन गुंडे घेऊन एकाच सुईवर दोन्ही मोजे शेजारी शेजारी विणते. दोन्ही एकदमच वाढतात आणि एकदमच संपतात.

हा सारा खटाटोप यंत्राने केव्हाच सोपा केला आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र सिद्ध केले. हाताने विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला मक्ता नाकारला, असे सांगितले जाते. आज बाजारात मोज्यांची जोडी लोकरीच्या गुंड्याहूनही स्वस्त मिळते, तेव्हा पैशांच्या हिशेबात हातची वीण हरलीच आहे. पण आपल्याच देशात, हिमाचलातील लाहौल खोऱ्यात, १९ व्या शतकात मोरेव्हियन मिशनरी स्त्रियांनी शिकवलेली ही कला तेथील बायकांनी आपल्या रंगांनी आणि नक्षीने इतकी आपलीशी केली, की लाहौली मोज्यांना व हातमोज्यांना आता भौगोलिक मानांकन लाभले आहे.

हिमालयाच्या थंडीशी मराठी सुयांचाही एकदा संबंध आला होता. १९६२ च्या चिनी आक्रमणात पुरेशा गरम कपड्यांवाचून आपले जवान बर्फात लढले. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, आणि देशभर घरोघरी, शाळाशाळांतून जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणले जाऊ लागले. माझी आई तेव्हा खानदेशातल्या एका शाळेत शिकत होती. तिच्या जोडीतला एक मोजा बोटभर आखूड निघाला. बाईंनी तो परत दिला आणि एवढेच म्हटले, “मुली, जवानाला दोन्ही पायांनी चालायचे असते.” आईने तो उसवून पुन्हा विणला. ही हकीकत ती मोठ्या अभिमानाने सांगत असे.

सुरतेच्या उकाड्यात मोज्यांचे महत्त्व मला कळले ते गेल्या पौषात. त्याच गुजराती शेजारणीच्या मुलीला दिवस पुरे होण्याआधीच बाळ झाले. वजन जेमतेम पावणेदोन किलो. अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळे आपल्याला उबदार वाटणाऱ्या खोलीतही त्याचे शरीर झपाट्याने थंड होते. रुग्णालयात बाळाला आईच्या उघड्या छातीशी बिलगवून ठेवण्याचा उपचार सुरू झाला. ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात ती हीच. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. या उपचारात बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी आणि पायांत मोजे, एवढेच असते. पण त्या अंगठ्याएवढ्या पावलांना बाजारातला एकही मोजा बसेना. शेजारीण रात्री नऊला आमच्या दाराशी आली. पावलाचे माप तिने कागदावर रेघ ओढून आणले होते. सौभाग्यवतींनी बारा नंबरच्या सुया काढल्या. पहाटेपर्यंत एक मोजा झाला, आणि दुसरा, जो एरवी आठवडाभर रेंगाळला असता, तो दुपारच्या जेवणाआधी. बाळ आज घरभर रांगते आहे. त्याचे श्रेय डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आईच्या छातीला. मोज्यांनी आपला वाटा उचलला इतकेच.

त्या वेळी परिचारिकेने सांगितलेल्या गोष्टी आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवाव्यात. मोजा विणून झाला की उलटा करून आतले सुटे धागे पुरते दडवावेत व कापावेत, कारण असा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला तर रक्त थांबून मोठी इजा होते. नाडी लांब ठेवू नये. निरोगी बाळाचे हात सतत हातमोज्यांत कोंडू नयेत, बोटांनी चाचपूनच ते जग ओळखत असते. वैशाखात लोकर नकोच, सुती धागा घ्यावा. मेंढीची अस्सल लोकर घाम शोषते, पण गरम पाण्यात आटते. कृत्रिम लोकर धुण्यास सोयीची, पण घाम शोषत नाही.

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींबरोबर मुलगेही सुया धरतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या बापांची ही मुले धाग्याला परकी नाहीत. पहिला मोजा पूर्ण झाला की ती नाचत माझ्या खोलीत दाखवायला आणतात. मी कौतुक करतो, पाठ थोपटतो आणि शेरा मात्र राखून ठेवतो. तो दुसरा मोजा पाहिल्यावर. वाचकहो, आपल्याही पेटीच्या तळाशी एखादा एकटा मोजा पडला असेल, तर या हिवाळ्यात त्याचा जोडीदार अवश्य पुरा करावा. कोणाच्या घरी, कोणत्या रात्री त्याची गरज पडेल, हे सांगता येत नाही.