गढूळ पेल एल : एका दोषाचे गुणात रूपांतर

‘हेझी इंडिया पेल एल’ या बिअरच्या नावातील एकही विशेषण आज सरळ अर्थाने घेता येत नाही. एल म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या अर्कापासून, सुमारे १८ ते २२ अंश सेल्सिअस तपमानात आंबविलेली बिअर. कोकच्या आचेवर वाळविलेले जव फिकट राहत, म्हणून ती ‘पेल’. ‘इंडिया’ हे तिचे उत्पत्तिस्थान नव्हे, गंतव्यस्थान होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडहून हिंदुस्थानातील बंदरांकडे जी बिअर येई, तीत लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या कारखान्याचा माल अग्रेसर होता. तीत हॉप या वेलीची फुले सढळ हाताने घातलेली असत. पुढे हे नाव रूढ झाले आणि बाजारपेठेचे नाव मालाच्या प्रकाराला कायमचे चिकटले.

‘हेझी’ अर्थात गढूळ हे विशेषण मात्र पूर्वीच्या मद्यकाराला अपमानास्पद वाटले असते. काचेच्या पेल्यात फिकट बिअर नितळ दिसणे ही कसबाची खूण. गढूळपणा म्हणजे बिघाड किंवा घाई. ही समजूत पालटली ती अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात. बर्लिंग्टन येथे ग्रेग नूनन यांच्या हाताखाली काम केलेल्या जॉन किमिच यांनी २००३ साली वॉटरबरी येथे पत्नीसह ‘द अल्केमिस्ट’ हे पेयगृह काढले. तेथील ‘हेडी टॉपर’ ही बिअर न गाळता दिली जाई. ऑगस्ट २०११ मधील आयरीन वादळाच्या पुरात पेयगृह उद्ध्वस्त झाले. परंतु दोनच दिवसांनी नव्या कारखान्यातून याच बिअरचे डबे बाहेर पडू लागले. त्या डब्यांच्या तळाशी राहिलेल्या गाळातून हौशी मंडळींनी यीस्ट वाढविले आणि हा प्रकार घरोघर पोहोचला. अमेरिकेत घरगुती बिअरवरील बंदी संघराज्याच्या पातळीवर १९७८ च्या कायद्याने उठलेली होती, त्यामुळे असा वर्ग तेथे तयारच होता.

गढूळपणा येतो कोठून? हॉपच्या फुलांत कडवटपणा देणारी आम्ले आणि सुगंधी तेले असतात. अर्क दीर्घकाळ उकळला की आम्लांची अंतर्रचना बदलून कडवटपणा येतो. तेले मात्र बाष्पाबरोबर निघून जातात. म्हणून या प्रकारात बहुतेक हॉप आच बंद केल्यावर आणि किण्वनाच्या पात्रातच घालतात. हॉपमधील पॉलिफिनॉले ही ओट व गहू यांतील प्रथिनांशी संयोग पावतात, आणि त्यांचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत राहतात. किण्वन चालू असता घातलेल्या हॉपवर यीस्टचीही क्रिया होते : जिरॅनिऑलचा काही भाग सिट्रोनेलॉलमध्ये बदलतो. सिट्रासारख्या हॉपच्या योगे आंबा वा संत्रे यांची आठवण देणारा गंध येतो.

घरगुती प्रमाण साधारण असे असते. २० लिटर बिअरसाठी सुमारे साडेपाच किलो धान्य घेतात. त्याचा पाचवा हिस्सा ओट व गहू. ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवितात. पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइड अधिक ठेवतात, कारण सल्फेटने कडवटपणा तीक्ष्ण होतो, क्लोराइडने चव भरीव लागते. २०० ते २५० ग्रॅम हॉपपैकी निम्मे, उकळणे संपल्यावर अर्क ८० अंशांखाली आला की घालतात. उरलेले किण्वनपात्रात सुमारे तीन दिवस ठेवतात.

खरी कसोटी यानंतर लागते. एवढ्या हॉपयुक्त बिअरला प्राणवायूचा स्पर्श घातक ठरतो : सोनेरी रंग काही दिवसांतच मातकट होतो, फळांचा गंध मावळतो. म्हणून ती त्वरित बंद करावी, असे वाटते. परंतु हॉपमध्ये विकरेही असतात. ती न आंबणाऱ्या शर्करांचे आंबणाऱ्या शर्करांत विघटन करतात आणि शांत झालेले यीस्ट पुन्हा कामाला लागते. होरेस ब्राउन व हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्येच हे दाखविले होते. अशा वेळी बाटल्या बंद केल्यास दाब वाढून त्या फुटतात आणि काचा लागून इजा होते. तात्पर्य, घाई केल्यास बाटली जाते आणि रेंगाळल्यास सुगंध जातो. घनतामापकाचे वाचन सलग तीन-चार दिवस स्थिर दिसेपर्यंत पात्र बंद ठेवणे, आणि मग हवा न लागू देता, कर्बवायूने धुतलेल्या पिंपात बिअर उतरविणे, हाच मार्ग होय. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्य बनविणे हा गुन्हा असल्याने, येथील जिज्ञासूला हा विषय अभ्यासापुरताच खुला आहे.

गढूळपणाला प्रतिष्ठा मिळताच काहींनी उकळत्या अर्कात गव्हाचे पीठ घालून तो मुद्दाम आणला. न्यायशास्त्राच्या भाषेत हा हेत्वाभास होय. धुरावरून अग्नीचे अनुमान होते ते व्याप्ती असते म्हणून. धुक्याला धूर मानल्यास अनुमान फसते. मुबलक हॉप आणि प्रथिनयुक्त धान्य यांच्यामागून गढूळपणा येतो, परंतु गढूळपणामागून सुगंध येईलच असे नाही. दोषवाचक शब्द गुणवाचक झाला, तरी गुण त्या शब्दात नसून त्यामागील प्रक्रियेत आहे.