हुलेकाठची शंभर एकर जमीन

श्रोते हो, धरणाखाली किंवा कालव्यात शेत गेले म्हणजे काय होते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. सरकारची नोटीस येते, मोजणी होते, मोबदला ठरतो. तो कमी वाटला तर कोर्टाची पायरी चढता येते. पण समजा, शेत कोणत्या सरकारच्या हद्दीत आहे हेच ठरलेले नाही. मग नोटीस कोणी काढायची? आणि पैसे कोणाच्या हातून घ्यायचे?

असा पेच १९५१ साली इस्राएल आणि सीरिया यांच्या सरहद्दीवर पडला. १९४८ च्या युद्धात सीरियाच्या फौजा जॉर्डन नदीच्या खोऱ्यात पुढे सरकल्या होत्या. २० जुलै १९४९ रोजी शस्त्रसंधीचा करार झाला. सीरियाने फौजा मागे घ्याव्यात, आणि त्या जिथून निघतील तिथे इस्राएलच्याही फौजांनी पाऊल टाकू नये, अशी तोड संयुक्त राष्ट्रसंघाचे मध्यस्थ राल्फ बंच यांनी काढली. असा हा लष्कररहित पट्टा. सलग नव्हे बरे का. तीन तुकड्यांत, मिळून सुमारे ६६ चौरस किलोमीटर. त्यात अरबांची गावे होती, तशा ज्यू लोकांच्या वसाहतीही होत्या. तिथले रोजचे जीवन हळूहळू पूर्ववत व्हावे आणि त्यावर संयुक्त शस्त्रसंधी आयोगाच्या अध्यक्षांनी देखरेख ठेवावी, एवढे करारात लिहिले. मालकी कोणाची, ते मात्र कायमच्या तहावर सोडून दिले.

इथेच गाठ बसली. इस्राएल म्हणे, फौज न आणण्याची अट सोडली तर मुलूख आमचाच. सीरिया म्हणे, तह होईपर्यंत तो कोणाचाच नाही.

पट्ट्याजवळ हुले नावाचे उथळ, दलदलीचे सरोवर होते. ते कोरडे करून शेती काढायची, असे काम एका इस्राएली कंपनीने सुरू केले. त्यासाठी पट्ट्यातील अरबांची सुमारे शंभर एकर जमीन लागत होती. कंपनी मोबदला द्यायला तयार होती, पण मालक विकेनात आणि भाड्यानेही देईनात. शंभर एकर म्हणजे काही राज्य नव्हे. पण पैसे घेतले की घेणाऱ्याने देणाऱ्याचा अंमल कबूल केला, असा त्याचा अर्थ होणार होता. सरोवर आटले तर आपल्या बाजूची नैसर्गिक आड जाईल, अशी सीरियाचीही तक्रार होती. राष्ट्रसंघाचे मुख्य निरीक्षक जनरल रायली यांना ही लष्करी तक्रार पटली नाही. पण जुन्या कायद्याच्या जोरावर इथे कोणाची जमीन सक्तीने घेता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. माझ्या मते यात त्यांचा निवाडा रास्त होता.

तेवढ्यात चकमकी झडल्या. बक्कारा आणि घन्नामा या गावांतील शेकडो अरबांना इस्राएलने पट्ट्याबाहेर हलवले. १८ मे १९५१ रोजी सुरक्षा समितीने ठराव केला: समझोता होईपर्यंत कंपनीने काम थांबवावे, आणि हलवलेल्या लोकांना ताबडतोब परत येऊ द्यावे. ठरावाच्या बाजूने दहा मते पडली, त्यांत भारताचे एक होते. सोव्हिएत रशिया तटस्थ राहिला.

पुढे कंपनीने अरबांची शेते वगळून काम चालू ठेवले. मग दोन्ही सरकारांना वाटले, पट्टाच वाटून घेतला तर? १९५२ च्या अखेरीपासून काही महिने बोलणी चालली. जमिनीपेक्षा पाणीच आडवे आले. १९२३ साली इंग्रज-फ्रेंचांनी आखलेली हद्द तिबेरिया सरोवराच्या ईशान्य काठापासून अवघी दहा मीटर आत होती, म्हणजे सीरियाच्या गुराला पाण्यावर जायचे तर हद्द ओलांडावी लागे. सीरियाला सरोवराचा काठ हवा होता. इस्राएल तो सोडायला तयार नव्हते. बोलणी फिसकटली. रेघ कुठेही पडली असती तरी काही शेतकरी नको त्या बाजूला राहिलेच असते, पण त्यांच्या बाजूने बोलायला बैठकीत त्यांच्यातला कोणी नव्हता.

१९५६ साली, सुएझच्या युद्धाच्या धामधुमीत, परत आलेल्यांपैकी बहुतेकांना सीरियात जावे लागले. हुलेचे पाणी १९५८ पर्यंत काढून झाले. उघडी पडलेली दलदलीची माती पुढे वाळून खचू लागली, तिला आगी लागू लागल्या, आणि १९९४ साली काही भाग पुन्हा पाण्याखाली घालावा लागला. बक्कारा आणि घन्नामा ही गावे पुन्हा वसली नाहीत.