विजेवरील मोटारी : प्रश्न पल्ल्याचा की वाहनतळाचा?

भारतीय रस्त्यांना विजेवरील मोटार सर्वस्वी नवी नाही. बंगळूर येथे निर्माण झालेली 'रेवा' २००१ मध्येच बाजारात आली होती; तथापि शिसे-आम्ल बॅटरी व तोकडा पल्ला यांमुळे तिचा प्रसार मर्यादित राहिला. लिथियम-आयन बॅटरीने पल्ल्याची अडचण बरीच दूर केली. प्रस्तुत लेखात चार्जिंगच्या व्यावहारिक बाजूचा विचार प्रामुख्याने महाराष्ट्रातील शहरांच्या संदर्भात केला आहे.

पेट्रोल इंजिनात इंधनातील ऊर्जेचा सुमारे पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. विद्युत चलित्राची कार्यक्षमता याच्या तिपटीहून अधिक असते. शिवाय ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत येते. रस्त्यावरचा धूर टळतो हे खरे, परंतु वीज कोळशाची असल्यास त्याचा काही भाग वीजकेंद्राकडे स्थलांतरित होतो, एवढेच.

बॅटरी केवळ एकदिश अर्थात डी.सी. प्रवाह स्वीकारते, तर घरातील पुरवठा ए.सी. असतो. घरी चार्जिंग करताना हे रूपांतर मोटारीतील लहान उपकरण करते. जलद चार्जिंग केंद्रात ते बाहेरील मोठे यंत्र करते. वेळेतील तफावतीचे मूळ येथे आहे. घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३ किलोवॉट शक्ती मिळते, म्हणजे ३० युनिट क्षमतेच्या बॅटरीस दहा तास लागतात. हा आकडा ऐकूनच अनेक जण माघार घेतात. वस्तुतः दररोज ४० कि.मी. प्रवासास सुमारे ६ युनिट पुरतात आणि ती दोन तासांत भरून निघतात. रोजच्या वापरासाठी जलद केंद्राची फारशी गरजच नसते. तेथेही ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो.

गरज असते ती रात्री मोटार उभी राहते त्या जागी सॉकेटची. २०१९ मध्ये केंद्र शासनाने आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून नव्या इमारतींच्या वाहनतळात २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची तरतूद सुचविली. जुन्या गृहनिर्माण संस्थांत मात्र सभासदाच्या मीटरपासून वाहनतळापर्यंत स्वतंत्र केबल, योग्य अर्थिंग व संस्थेची संमती हे तिन्ही जुळवावे लागते. एक्स्टेंशन बोर्डावर काम भागविणे धोक्याचे आहे. घरगुती दर टप्प्यांचे असल्याने दरमहा १८० युनिटांची वाढ वरच्या टप्प्यात जाऊ शकते. म्हणून चार्जिंगसाठी राज्यात उपलब्ध असलेल्या स्वतंत्र दरवर्गाची जोडणी घेण्यापूर्वी स्थिर आकारासह हिशेब करून पाहावा. वीस मोटारी सायंकाळी एकाच वेळी जोडल्यास भार ६० किलोवॉटवर जातो. मध्यरात्रीनंतर पाळीपाळीने चार्जिंग केल्यास तो तिसऱ्या हिश्श्यावर आणता येतो.