धारवाडच्या फितींतले अनवट राग

1932 साली मुंबईत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीने एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं गाणं मुद्रित केलं. मुलगी हुबळीची. तबकडीवर तिचं नाव आलं ते गांधारी, आणि पुढे आडनावाच्या जागी गावाचं नाव: हुबळी. ही मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल. त्या काळातल्या त्यांच्या तबकड्या आज कुणी लावल्या, तर निम्मे श्रोते मान हलवतील, या गंगूबाई नव्हेतच म्हणतील. आवाज उंच, बारीक, लखलखीत. वरच्या षड्जापर्यंत सहज धावणारा. मैफलीत ऐकलेला तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज नंतरचा. घशाचं दुखणं झालं, टॉन्सिल्सवर उपचार झाले आणि गळा कायमचा बदलला. बाईंनी तो बदललेला गळाच आपला मानला आणि त्यातून किराणा घराण्याचं एक निराळं, घनगंभीर गाणं उभं केलं. पण आधीची गांधारी कुठे गेली? ती फक्त त्या लाखेच्या तबकड्यांत उरली.

हुबळी आणि धारवाड यांत वीसेक किलोमीटरचं अंतर. हुबळीहून तेवढ्याच टप्प्यावर कुंदगोळ, म्हणजे सवाई गंधर्वांचं गाव. धारवाडच्या वेशीबाहेर मन्सूर. थोडं पुढे गदग, भीमसेन जोशींचं. एवढ्याशा मुलखात इतकं गाणं कसं पिकलं, याची चर्चा मराठी रसिकांनी पिढ्यान्पिढ्या केली आहे. मिरज, कोल्हापूर, बेळगाव आणि धारवाड ही एकाच गाण्याची पेठ होती. नाटक कंपन्या मराठी, श्रोते दोन्ही भाषांचे, उस्ताद उत्तरेकडचे. या मुलखातल्या गाण्याबद्दल लिहिलं खूप गेलं. मुद्रित गाण्याबद्दल मात्र कमी, आणि त्यातही क्वचित ऐकू येणाऱ्या रागांच्या मुद्रणांबद्दल फारच कमी. वास्तविक धारवाडची खरी श्रीमंती तिथेच आहे.

तबकडी हा या भागातला एक गुरूच होता. गदगकडच्या लहानग्या भीमसेनने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली ती दुकानात लागलेल्या रेकॉर्डवर, आणि असं गाता आलं पाहिजे या ध्यासाने तो घर सोडून निघाला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी तर मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. पुढे त्यालाच जग कुमार गंधर्व म्हणू लागलं.

त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. मैफलीत तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवायचा. आलाप दोन-चार सुरांचा, चीज लगेच, मग एक-दोन बोलताना, तानांची एक झड आणि सम. हे मुद्रण म्हणजे गाण्याचा संक्षेप, असं अनेक जाणकार आजही जरा नाक मुरडून म्हणतात. ते पटण्यासारखं नाही. साडेतीन मिनिटांत रागाचा चेहरा उभा करायचा तर गवयाला आधी ठरवावं लागतं की या रागातलं टाळता न येणारं काय आहे. जुनी तबकडी ते उत्तर देते. राग ओळखायला शिकणाऱ्यासाठी याहून नेटकी शाळा नाही.

मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांत गौडमल्हार, अडाणा असे सर्वांच्या ओळखीचे राग आहेत. 1910च्या वर्षअखेरीला मन्सूर गावी जन्मलेला हा मुलगा नाटक कंपनीत वाढला आणि मिरजेच्या नीलकंठबुवा आलूरमठांकडे ग्वाल्हेर गायकी शिकला. या तबकड्यांतला आवाज तरुण, टोकदार आहे, ताना सरळ आणि सपाट्याच्या आहेत. पुढे ज्या गाण्याने मल्लिकार्जुन मन्सूर हे नाव घडलं, ते गाणं इथे अजून आलेलंच नाही.

ते आलं अल्लादिया खाँच्या घरातून.

अल्लादिया खाँ (1855 ते 1946) म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळपुरुष. आमलेटा संस्थानात असताना त्यांचा आवाज गेला. परतला तो पूर्वीचा नव्हता. त्या मर्यादेतून त्यांनी पेचदार, वळणावळणाची, लयीला सतत बिलगून चालणारी गायकी घडवली आणि तिच्यासाठी जोडराग, अनवट राग यांचा मोठा खजिना जमवला. शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात राहून ते हे गाणं गायले. पण त्यांच्या आवाजाचं एकही मुद्रण आज उपलब्ध नाही. ज्या माणसाने विसाव्या शतकातल्या मराठी मुलखाचा कान घडवला, त्याचा एक सूरसुद्धा ऐकायला मिळत नाही. ही हानी केवढी, याचा अंदाज त्यांच्या शिष्यांची मुद्रणं ऐकतानाच येतो.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांनी ललिता गौरीसारखे राग तबकड्यांवर दिले. 1977च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ‘व्हॉयेजर’ याने सुटली, तेव्हा त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत भारतीय संगीताचा म्हणून एकच आवाज होता, केसरबाईंच्या भैरवीचा. दुसरं यान सुटलं आणि काही दिवसांतच, 16 सप्टेंबरला, बाई गेल्या. साडेतीन मिनिटांचं ते जुन्या पद्धतीचं मुद्रण आज सूर्यमालेच्या कडेपलीकडे चाललं आहे.

मन्सूरांनी अल्लादिया खाँचे पुत्र मंजी खाँ यांचा गंडा बांधला. ही तालीम थोडक्यात संपली, कारण 1937 मध्ये मंजी खाँ वारले. मग धाकटे बंधू भुर्जी खाँ यांनी त्यांना शिकवलं, 1950 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. दोन्ही भावांकडून जे मिळालं ते मन्सूरांनी धारवाडला आणलं आणि पुढली चाळीस वर्षं गायलं. शिवमत भैरव, संपूर्ण मालकंस, खट, बिहारी, नट बिहाग, सावनी नट, बसंती केदार, एक निषाद बिहागडा, रायसा कानडा. इतर गवई वर्षातून एखाद्या वेळी, तेही जाणकारांच्या आग्रहाखातर, ज्यांना हात घालतील, असे हे राग. मन्सूर ते रोजच्या जेवणासारखे गात.

अनवट म्हणजे अवघड, असा एक गैरसमज आहे. एक राग जवळून पाहू. मालकंस सर्वांच्या परिचयाचा: सा, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. पाच सुरांचा, रात्रीचा, गंभीर. त्यात रिषभ आणि पंचम नाहीत, आणि ते नसणं हाच मालकंसचा कणा. संपूर्ण मालकंसात हेच दोन वर्ज्य स्वर आत येतात. कागदावर वाचलं तर वाटतं, मग मालकंस उरला कुठे? मन्सूरांचं मुद्रण लावावं. ते आलापात फार रेंगाळत नाहीत. दोन-तीन स्वरवाक्यं, आणि लगेच चिजेचा मुखडा. कान मालकंसवर विसावतो न विसावतो तोच पंचम येतो. येतो, पण ठाण मांडून बसत नाही. मध्यमाकडे जाता जाता त्याला स्पर्श होतो. रिषभही तसाच, षड्जाकडे उतरणाऱ्या वाटेवर. दोन आवर्तनांनंतर ऐकणारा त्या स्वरांची वाट पाहू लागतो. आणि एकदा हे कानात बसलं, की नेहमीचा मालकंस ऐकतानाही पंचमाची रिकामी जागा जाणवत राहते.

इतर रागांचंही असंच. बिहागड्यात एरवी दोन्ही निषाद लागतात. एक निषाद बिहागड्यात दुसरा काढून घेतला आहे, म्हणजे आधाराची एक काठी कमी. खट हे नाव ‘षट्’वरून आलं, त्यात सहा रागांच्या छाया आहेत, असं परंपरा सांगते. शिवमत भैरवात सकाळच्या भैरवाच्या अंगणात कोमल गंधार आणि कोमल निषाद हळूच डोकावतात. असे राग पुस्तकातल्या आरोह-अवरोहावरून शिकता येत नाहीत. ते चालीत असतात, कुठून वळायचं यात असतात. म्हणून गुरूचा गळा गेला की राग जातो. मुद्रण असलं तर निदान त्याची वाट तरी उरते.

आकाशवाणीचं धारवाड केंद्र 8 जानेवारी 1950 रोजी सुरू झालं आणि मन्सूर तिथे संगीत सल्लागार झाले. तबकडीची तीन मिनिटं आता अर्ध्या तासाची झाली. बसवराज राजगुरूंसारखे अनवट रागांत रमणारे दुसरे गायकही याच गावात होते. या काळातल्या आकाशवाणीच्या मुद्रणांची एक खूण कानाने पटते: साथीला पेटी नाही. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. पेटीच्या सप्तकात बारा पट्ट्या, प्रत्येकीचा सूर कारखान्यात ठरलेला. दोन पट्ट्यांच्या मधली श्रुती तिला दाखवता येत नाही, मींड घेता येत नाही, हा आक्षेप. साथीला मग सारंगी किंवा व्हायोलिन.

या बंदीच्या बाजूने ज्यांनी आधी हिरिरीने लिहिलं, त्यांत दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत पाहणारे इंग्रज रचनाकार जॉन फाउल्ड्स होते. बंदी येण्याआधीच, 1939 मध्ये, ते कलकत्त्यात वारले. फाउल्ड्स यांनी स्वतः पियानोसाठी ‘एसेज इन द मोड्स’ नावाची रचनामाला लिहिली होती. पियानो म्हणजे तर पेटीसारख्याच ठरीव बारा सुरांचं वाद्य. पण या रचनांत त्यांनी एक शिस्त पाळली: एकदा स्वरांचा एक संच निवडला की त्याबाहेरचा एकही स्वर घ्यायचा नाही. वर्ज्य स्वराची ही शिस्त आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटते. पियानोच्या मैफलींत ही माला क्वचितच वाजते, पण तिची मुद्रणं मिळतात. संपूर्ण मालकंस ऐकलेल्या श्रोत्याने ती जरूर ऐकावी.

बासरीची गोष्ट उलटी. तिच्या भोकावर बोट किती झाकायचं, फुंकर किती घालायची यावर श्रुती ठरते; मधल्या जागा तिला मोकळ्या. अडचण होती खर्जाची. पन्नालाल घोषांनी बत्तीस इंचांच्या आसपासची लांब बासरी घेतली, तिला सातवं भोक पाडलं आणि ख्याल बासरीवर आणला. दीपावली, चंद्रमौली, नूपुरध्वनी हे राग त्यांचे. दिवाळी अंकाच्या वाचकाने यातला दीपावली शोधून ऐकावाच. 1960 मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले. त्यांची वाट पुढे नेणाऱ्या शिष्यांत देवेंद्र मुर्डेश्वर आणि व्ही. जी. कर्नाड ही ठळक नावं. धारवाडात व्यंकटेश गोडखिंडी बासरी वाजवत; त्यांच्याच हाताखाली मुलगा प्रवीण तयार झाला आणि आज जगभर वाजवतो आहे. तरीही गळ्याच्या मुद्रणांच्या मानाने बासरीची जुनी मुद्रणं थोडी, आणि ती जपण्याची आस्था त्याहून थोडी.

मन्सूर 12 सप्टेंबर 1992 रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं होतं. धारवाडमधलं त्यांचं ‘मृत्युंजय’ हे घर आता स्मारक आहे. त्यांचं व्यावसायिक मुद्रण बरंच आहे, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरगुती बैठकींत, संगीत मंडळांत, गणेशोत्सवांत श्रोत्यांनी टेप लावून घेतलेलं गाणं त्याहून मोकळं, जास्त रंगलेलं असे. ते अजून लोकांच्या घरांत आहे: कोल्हापुरात, सांगलीत, बेळगावात, पुण्यात, हुबळीत.

ते टिकणार किती? लाखेची तबकडी ठिसूळ, पण तशी चिवट. पडली तर फुटते, नाहीतर शंभर वर्षं राहते. तिचा शत्रू म्हणजे झिजलेली पोलादी सुई. फितीची गोष्ट वेगळी. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या संयुगाची पूड चिकटवलेली असते; ते चिकटवणारं द्रव्य दमट हवेत ओल शोषतं आणि वर्षं गेली की सुटायला लागतं. धारवाडपासून कोल्हापूरपर्यंतचा पाऊस फितीला मानवत नाही. पांढरट बुरशी चढते, फीत चिकटते, आणि तशीच यंत्रात घातली तर पूड खरवडून निघते. तिच्याबरोबर गाणंही.

घाईने केलेलं डिजिटल रूपांतरही धोक्याचं. सुरुवातीच्या तबकड्या सगळ्याच नेमक्या 78 फेऱ्यांच्या नव्हत्या. 78च्या जागी 74 फेऱ्यांनी फिरवली, तर काळी दोनमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या आसपास उतरतं. आवाज जाड होतो, लय मंदावते. गंगूबाईंचा पूर्वीचा गळा आणि नंतरचा गळा यांची तुलना करायची, तर आधी वेग बरोबर हवा. शिवाय 78च्या तबकडीची खाच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी नुसती खरखरत जाते.

मुंबईत 1990 साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि सुरेश चांदवणकरांसारख्या संग्राहकांनी तबकड्यांच्या नोंदी, इतिहास आणि जतन यांवर मोठं काम केलं आहे. घरगुती फितींसाठी तेवढं काम झालेलं नाही. ते त्या घरांनीच करायला हवं.

तेव्हा या दिवाळीत माळा झाडताना आजोबांच्या फितींचा खोका सापडला, तर त्या लगेच यंत्रात घालू नका, जोरात पुढे-मागे फिरवू नका. कोरड्या जागी उभ्या ठेवा. डब्यावर पेन्सिलीने लिहिलेलं गवयाचं नाव, तारीख, गाव, साथीदार वहीत उतरवून घ्या, कारण तो कागद फितीआधी जातो. घरात त्या बैठकीला हजर असलेलं कुणी असेल, तर आजच विचारा: राग कोणता होता, तबल्यावर कोण होतं, बैठक कुणाच्या घरी झाली. मग हे काम जाणणाऱ्या माणसाकडे फीत द्या, आणि तिची एक प्रत एखाद्या संगीत विद्यालयाला द्या. डब्यावर ‘मन्सूर, धारवाड’ एवढंच लिहिलेलं असेल, तरीही.