इंजिन मोठं केलं, बाकी गाडीचं काय?

आजचा विषय गॅरेजमधला आहे. पिकअप ट्रकचं मूळ इंजिन काढून तिथे मोठं इंजिन बसवायचं. अमेरिकेत हौशी मंडळींचा हा जुना उद्योग आहे, म्हणून उदाहरणही आपण तिथलंच घेऊ. शेव्हरोले एस-१० ही लहान पिकअप १९८२ च्या मॉडेलपासून विकली जाऊ लागली. सुरुवातीला तिच्यात १.९ लिटरचं चार सिलिंडरचं किंवा २.८ लिटरचं व्ही-६ इंजिन असे. १९८८ पासून ४.३ लिटरचं व्ही-६ मिळू लागलं. हौशी लोक तिच्यात बसवतात ते शेव्हरोलेचंच ५.७ लिटरचं व्ही-८.

हेच का? ५.७ ला ८ ने भागा आणि ६ ने गुणा. उत्तर जवळजवळ ४.३ येतं. म्हणजे ते मोठं व्ही-६ हे या व्ही-८ चंच दोन सिलिंडर कमी असलेलं भावंड आहे. दोघांचा बोअर तोच, स्ट्रोक तोच आणि मागे गिअरबॉक्स जोडायची बोल्टची आखणीही तीच. इंजिन फाउंडेशनचे तयार ब्रॅकेटही तिथे विकत मिळतात. त्यामुळे इंजिन बसतं. पण ‘बसणं’ आणि ‘पेलणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर पाहू. जुन्या २.८ लिटर इंजिनाचा टॉर्क सुमारे २०० न्यूटन-मीटर, ५.७ लिटरचा सुमारे ४००. हा जोर तसाच चाकापर्यंत जात नाही, वाटेत तो वाढत जातो. पहिल्या गिअरचं प्रमाण ३.०६ आणि डिफरन्शियलचं ३.४२ धरलं, तर गुणाकार होतो साधारण साडेदहा. म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर २१०० च्या जागी ४२०० न्यूटन-मीटर येतात. एस-१० च्या डिफरन्शियलमधलं क्राउन व्हील जेमतेम साडेसात इंच व्यासाचं आहे. गाडी रिकामी असताना चाकं जागेवर फिरतात, जोर तिथेच सुटतो, म्हणून काही तुटत नाही. मालक म्हणतो, ‘बघा, काही झालं नाही.’ मग मागे माल भरला जातो, टायर रस्ता घट्ट धरतात आणि तो सगळा जोर क्राउन-पिनियनच्या दातांवर येतो. म्हणजे ज्या कामासाठी पिकअप घेतली, नेमक्या त्याच कामात ती मोडते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, एक सायलेन्सरवाटे जातो आणि उरलेला पाण्यात उतरतो. जास्त इंधन जाळायचं तर रेडिएटर आणि पंखाही त्या मापाचा लागतो. नाहीतर चढावर काटा लाल रेघेकडे जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ब्रेकची. ओतीव लोखंडाचं ते व्ही-८ सुमारे अडीचशे किलोचं, आणि ते वजन पुढच्या चाकांवर येतं. त्यात वेग. गतीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दीड टनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवर असेल, तर थांबताना ब्रेकना सुमारे २०८ किलोज्यूल पचवावे लागतात. ताशी १२० वर तेच ८३० च्या पुढे जातात. वेग दुप्पट, ब्रेकवरचं काम चौपट! इंजिन बदललं म्हणून ब्रेकचे लायनर आपोआप मोठे होत नाहीत. गाडीची भारक्षमताही वाढत नाही. ती चासी, पाटे, अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक यांच्यावरून ठरते. ‘आता जास्त माल ओढेल’ हे खरं असेलही, पण उतारावर तो माल थांबवायचा कोणी?

कायदाही इथे येतो. कॅलिफोर्नियात बसवलेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, आणि त्याची धूर-नियंत्रणाची सगळी यंत्रणा सोबत यावी लागते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ आहे. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा हे पाहून कोणी आपल्या पिकअपचं बॉनेट उघडायला निघालं असेल, तर आधी आरटीओ गाठावं. अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यातही हा प्रश्न निघतो.

जिथे परवानगी आहे तिथे जाणती माणसं काम उलट्या टोकाने सुरू करतात. पहिले ब्रेक आणि पुढचे स्प्रिंग, मग डिफरन्शियल व प्रोपेलर शाफ्ट, मग गिअरबॉक्स व क्लच, मग रेडिएटर, आणि सर्वांत शेवटी इंजिन. खर्चाचा अंदाजही त्याच क्रमाने काढावा. पैसे मध्येच संपले, तर निदान चांगले ब्रेक असलेली जुनी गाडी हातात राहते. इंजिनापासून सुरुवात करून पैसे संपले, तर जी गाडी रस्त्यावर येते तिच्यापुढून चालणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.