पिकअपच्या फाळक्यामागे

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ऐन हंगामातल्या एखाद्या सकाळी घटकाभर उभे राहिले, तर पुढे जाणाऱ्या वाहनांपेक्षा मागे सरकणाऱ्या वाहनांचेच प्रमाण तेथे अधिक असल्याचे कोणाच्याही ध्यानात यावे. क्रेटांच्या चळतींनी हौदा काठोकाठ भरलेल्या पिकअप गाड्या एकामागून एक येतात, वळतात आणि व्यापाऱ्याच्या गाळ्याकडे पाठ करून इंचाइंचाने मागे येऊ लागतात. आणि त्याच अरुंद वाटेतून हमाल, चहावाले आणि रात्रभर जागलेले शेतकरी ये-जा करीत असतात. मोठ्या ट्रकबरोबर क्लीनर असतो. तो मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत फाळक्यावर तळहाताची थाप देत राहतो, आणि थाप जोराने पडली की चालकाचा पाय ब्रेकवर जातो. पिकअप मात्र बहुधा एकट्या माणसाची असते: ज्याने पहाटे माल भरला तोच ती चालवतो, तोच हिशेब घेतो आणि तोच रिकामी गाडी घेऊन वस्तीवर परततो. त्याच्यामागे थाप देणारे कोणी नसते, आणि म्हणूनच मागचे दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची निकड शहरातल्या मोटारीपेक्षा या वाहनाला कितीतरी अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटारीत आतला आरसा मागच्या काचेतून बरेच काही दाखवतो. पिकअपच्या केबिनची मागची लहानशी काच माल आणि ताडपत्री यांनी झाकली गेली की त्या आरशाचा उपयोग संपतो. बाहेरचे दोन आरसे गाडीच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्या दाखवतात, परंतु फाळक्याच्या नेमक्या पाठीमागचा, गाडीच्या रुंदीएवढा चौकोन कोणत्याच आरशात उतरत नाही. हौदा रिकामा असला तरी फाळक्याची वरची कड साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर येते, त्यामुळे मागे बसून क्रेट निवडणारी बाई किंवा अंगणात रांगणारे मूल चालकाने मान कितीही वळवली तरी त्याच्या दृष्टीस पडत नाही. आपल्याकडे तर वस्तीवरचे अंगण, खळे आणि गाडी लावण्याची जागा ही पुष्कळदा एकच असते.

मागचे पाहण्यासाठी कॅमेरा वापरावा ही कल्पना मात्र नवी नाही. अमेरिकेतील ब्यूइक कंपनीने १९५६ साली सेंच्युरियन नावाची जी प्रदर्शनापुरती मोटार मांडली होती, तीत मागच्या बाजूस दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि चालकापुढे पडदा अशी योजना होती. आपल्या देशात दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण दिल्लीहून १९५९ साली झाले हे लक्षात घेतले म्हणजे त्या कल्पनेचे धाडस समजते. ती प्रत्यक्ष विक्रीच्या मोटारीत उतरायला मात्र पुढे तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला, आणि तिला कायद्याचे बळ मिळाले ते एका घरावर कोसळलेल्या दुःखामुळे. २००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका पित्याच्या हातून, घराच्या अंगणाशी मोठी गाडी मागे घेत असता, स्वतःचाच दोन वर्षांचा मुलगा गाडीखाली सापडून दगावला. आरसे पाहूनच गाडी मागे घेतली होती, आणि तरीही मूल दिसले नाही. त्या पित्याने आपले दुःख घरात कोंडून न ठेवता वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि त्या बालकाच्या, कॅमेरॉन गुलब्रॅन्सनच्या, नावाचा कायदा २००८ च्या फेब्रुवारीत अध्यक्षांच्या स्वाक्षरीने मंजूर झाला. नियमांचा तपशील ठरायला २०१४ उजाडले, आणि १ मे २०१८ पासून तेथे तयार होणाऱ्या, भारासह दहा हजार पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेचार हजार किलोपर्यंतच्या, प्रत्येक नव्या वाहनाला मागचा कॅमेरा बंधनकारक झाला; बहुतेक पिकअप त्यातच आल्या. गाडीमागचा दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब पट्टा चालकाला दिसला पाहिजे, आणि मागचा गियर पडल्यापासून दोन सेकंदांत चित्र उमटले पाहिजे, या त्या नियमातील दोन अटी आपणही घरगुती कसोटी म्हणून वापरण्याजोग्या आहेत.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागच्या सेन्सरची सक्ती झाली. सेन्सर मागे काहीतरी आहे एवढे पीं-पीं करून सांगतो. ते काहीतरी म्हणजे गवताचा भारा की मूल, हे तो सांगत नाही, आणि बारीक सळई किंवा जमिनीलगतची वस्तू त्याच्या नजरेतून निसटूही शकते. रस्त्यावर धावणाऱ्या असंख्य जुन्या पिकअपना तर दोहोंपैकी काहीच नाही. त्यांच्या मालकांना कॅमेरा, वायर आणि पडदा असा संच बाजारात काही हजार रुपयांत मिळतो, आणि खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. कारण असे संच निकामी होतात ते बहुधा कॅमेऱ्याच्या दोषाने नव्हे, तर बसवताना झालेल्या हयगयीने.

गेल्या पावसाळ्यानंतर जुन्नर तालुक्यातील माझ्या मावसभावाने आपल्या पिकअपला असा कॅमेरा बसवून घेतला, तेव्हा ते काम अथपासून इतिपर्यंत पाहण्याचा योग मला आला. गाडीच्या वायरिंगचे काम करणारे ते गृहस्थ वयस्क होते, आणि हत्याराला हात घालण्यापूर्वी त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारून नुसते पाहून घेतले. कॅमेरा फाळक्यावरच लावावा असा भावाचा आग्रह होता, कारण तेथे तो उठून दिसला असता. “दादा, फाळका दिवसातून वीस वेळा पडतो. वायर तिथंच तुटणार,” एवढेच ते म्हणाले. नंबरप्लेटच्या चौकटीत कॅमेरा बसवण्याची परदेशी पद्धतही त्यांनी बाजूस सारली, आणि ते योग्यच होते. कारण एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना जी अतिसुरक्षित नंबरप्लेट येते ती काढता न येणाऱ्या रिव्हेटांनी जखडलेली असते, आणि तिच्यावरचा एकही अंक झाकण्याची मुभा नाही. सरतेशेवटी हौद्याच्या तळालगतच्या मागच्या आडव्या पट्टीवर, नंबरप्लेटच्या वर थोड्या अंतरावर, जागा मुक्रर झाली. या जागेत दोन उणिवा आहेत: चिखल तेथे लवकर उडतो, आणि फाळका खाली सोडलेला असला तर कॅमेऱ्यापुढे पत्राच येतो. पण फाळका लावूनच गाडी मागे घ्यावी हा नियम तसाही पाळलाच पाहिजे, आणि हौद्याबाहेर आलेला उसाचा किंवा चाऱ्याचा भार या खालच्या जागेतून पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या आड येत नाही, हा लाभ मोठा आहे.

यानंतर विजेचे काम. बॅटरीची ऋण बाजूची तार त्यांनी प्रथम सोडवली. कॅमेऱ्याला वीज घ्यायची ती मागच्या पांढऱ्या दिव्याच्या, म्हणजे गाडी मागे घेताना लागणाऱ्या रिव्हर्स दिव्याच्या, तारेतून. असे केले म्हणजे गियर मागचा पडला की दिव्याबरोबर कॅमेराही जागा होतो, आणि एरवी झोपलेला राहतो. ती तार कोणती हे रंगावरून गृहीत धरू नये. बॅटरी तात्पुरती जोडून, हँडब्रेक ओढून, चाकांपुढे-मागे दगड लावून, इंजिन न चालवता केवळ किल्ली फिरवून आणि मागचा गियर टाकून त्यांनी टेस्ट लॅम्पने ती शोधली, आणि गियर काढताच तो लॅम्प विझतो याचीही खात्री करून घेतली. दिव्याच्या या वाटेवर कॅमेऱ्याचा भार फारसा पडत नाही: २१ वॅटचा साधा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, तर कॅमेरा त्याच्या लहानशा अंशावर भागवतो. तरीही वाटेत एक लहान फ्यूज घालायलाच हवा, कारण घासून उघडी पडलेली तार लोखंडाला टेकली तर जळावा तो फ्यूज, वायरिंग नव्हे.

जोड कसा द्यावा याविषयी ते गृहस्थ अतिशय काटेकोर होते, आणि या संपूर्ण कामाचा प्राण मला तेथेच दिसला. तारेवरचे आवरण चावून आत शिरणारी तयार क्लिप त्यांनी वापरली नाही. तिने तांब्याचे धागे तुटतात आणि त्या चिरेतून पाणी शिरून हिरवा गंज चढतो. त्यांनी तार सोलली, पीळ दिला, डाग दिला, आणि गरम केल्यावर आवळून बसणारी नळी त्यावर चढवली. काळी तार, जिला कारागीर अर्थ म्हणतात, ती चेसीला जोडण्यापूर्वी बोल्टाखालचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत लोखंड उघडे केले. पडद्यावर चित्राऐवजी आडव्या रेघा धावू लागतात तेव्हा ग्राहक कॅमेऱ्याला दोष देतो. पुष्कळदा दोष असतो तो या रंगावरच आवळलेल्या अर्थचा.

पिकअपची लांबी सुमारे पाच मीटर असली तरी चित्र नेणारी वायर आठ-दहा मीटरांची घ्यावी लागते, कारण ती सरळ जात नाही. चेसीच्या वरच्या अंगाने, मूळच्या वायरिंगच्या सोबतीने, नालीदार प्लॅस्टिकच्या नळीतून ती पुढे नेली गेली. सायलेन्सर एका बाजूस असल्याने वायर दुसऱ्या बाजूने, आणि फिरणाऱ्या शाफ्टपासून व ब्रेकच्या नळ्यांपासून लांब. हौदा आणि केबिन हे दोन वेगळे भाग आहेत आणि खड्ड्यांत ते एकमेकांपासून निराळे हलतात, म्हणून त्यांच्यामध्ये वायरला हातभर सैल वळसा दिला. केबिनमध्ये शिरण्यापूर्वी ती एकदा खाली झुकवून मग वर घेतली, जेणेकरून तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न येता त्या झुकावाशी गळून पडावे. आणि पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवला, नाहीतर पत्र्याची धार काही महिन्यांत वायर कापते. बिनतारी संचाचा मोह अनेकांना होतो. त्यात वाचते ती केवळ ही चित्राची वायर, विजेची तार तर जोडावीच लागते. आणि लोखंडी हौद्यातून व इतर बिनतारी साधनांच्या गर्दीतून येणारे चित्र नेमके गाळ्याशी अडखळले तर त्या सोयीला अर्थ उरत नाही. मालवाहू गाडीला वायरचाच संच घ्यावा, आणि जोडाचे टोक आटे असलेले, फिरवून आवळण्याजोगे घ्यावे.

खरेदी करताना डब्यावरची एक खूण अवश्य पाहावी. आयपी ६७ असे लिहिलेले असेल तर त्यातला सहा हा अंक धुळीपासून पूर्ण बंदोबस्त असल्याचा, आणि सात हा मीटरभर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी पाणी आत न शिरण्याचा. मात्र पाण्याच्या फवाऱ्याखाली गाडी धुण्याचा प्रकार निराळा. त्या जोरदार माऱ्याला टिकणाऱ्या कॅमेऱ्यावर ६९ के अशी खूण असते, आणि ज्यांची गाडी वरचेवर सर्व्हिसिंग सेंटरात धुतली जाते त्यांनी चार पैसे जास्त देऊन तो घ्यावा.

पडदा पुढच्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या आड येणार नाही असा, डॅशबोर्डवर खाली बसला. त्याला वीज किल्लीनंतर चालू होणाऱ्या तारेतून दिली. थेट बॅटरीतून दिली असती तर चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरण्याचा धोका होता. पहिले चित्र उमटले तेव्हा भावाने आनंदाने हात जोडले, पण कारागिराने त्याला मागे उभे करून उजवा हात वर करायला सांगितले, आणि पडद्यावर तो हात भलत्या बाजूस दिसला. कॅमेऱ्याच्या वायरीतून बाहेर आलेले एक लहान वेटोळे कापताच चित्र आरशाप्रमाणे पालटले. ही तपासणी राहून गेली तर डावे-उजवे उलटते, आणि चालक वाचवायला जातो त्याच अंगावर गाडी घालतो.

पडद्यावरच्या हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रेघांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. त्या कारखान्यात कोणत्या तरी सरासरी गाडीसाठी आखलेल्या असतात, आणि रुंद कोनाच्या भिंगातून प्रत्येक वस्तू आहे त्यापेक्षा दूर भासते. म्हणून फाळक्यापासून एक, दोन आणि तीन मीटरवर विटा मांडून त्या कोणत्या रेघेशी दिसतात हे भावाने वहीत उतरवून घेतले. चित्राच्या खालच्या कडेला बंपरची किनार थोडीशी दिसेल इतका कॅमेरा झुकवला, म्हणजे गाडी कोठे संपते हे डोळ्यांना कळते. भिंग रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसण्याचे काम त्याच्या मुलीने आपणहून पत्करले आहे.

शेवटची परीक्षा कारागिरानेच घेतली. घरातली रिकामी घागर मागवून त्यांनी ती फाळक्यामागे, जमिनीवर, मधोमध ठेवली. मग डावीकडे, मग उजवीकडे, मग वीस फुटांवर. आणि प्रत्येक वेळी भावाला केबिनमध्ये बसवून ती दिसते का हे विचारले. उजव्या कोपऱ्यात चाकामागे हातभर जागा अशी निघाली की तेथे घागर पडद्यावर आली नाही, तेव्हा त्यांनी बोल्ट सैल करून कॅमेरा किंचित फिरवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रांगणाऱ्या मुलाची उंची त्या घागरीहून फारशी अधिक नसते. आपल्या गाडीला कॅमेरा बसवून घ्याल तेव्हा कारागिराचे पैसे चुकते करण्यापूर्वी ही घागर चारही ठिकाणी ठेवून पाहा, आणि ती दिसेपर्यंत जागेवरून उठू नका.