लघुतम आगगाडी : एक छंद आणि कुर्डुवाडीचे जुने स्थानक

आगगाडीचे चालते प्रतिरूप घरात उभारण्याचा छंद युरोप-अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे रुजलेला आहे. पुढे तो जपाननेही आपलासा केला. आपल्याकडे मात्र तो मोजक्या घरांपुरताच राहिला. पुण्यात कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून हरखलेला विद्यार्थी बाहेर पडताना दोन प्रश्न विचारतो : याला पैसा किती लागतो आणि जागा किती लागते? पैशाचा विचार पुढे करू. जागेच्या प्रश्नाचे उत्तर मात्र या छंदाच्या इतिहासातच दडलेले आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या आमच्यासारख्यांना ते विशेष जवळचे वाटते.

या छंदात दोन मापे कळीची असतात. खऱ्या वस्तूच्या किती पट लहान प्रतिरूप करायचे हे एक माप. त्यास प्रमाण म्हणतात. दोन रुळांमधील अंतर हे दुसरे. त्यास गेज म्हणतात. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. १९६२ साली आर्नोल्ड या जर्मन कंपनीने ९ मिलिमीटरच्या रुळांवर गाडी धावती केली. या मापास 'एन' हे नाव मिळाले, कारण नऊ या संख्येचे नाव अनेक युरोपीय भाषांत त्याच अक्षराने सुरू होते. मराठीतही नऊ 'न'नेच सुरू होतो, ही गंमत त्या जर्मनांच्या ध्यानात आली असण्याचा संभव कमीच! त्यानंतर दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, मर्कलिन कंपनीने १:२२० प्रमाणाची आणि ६.५ मिलिमीटर रुळांची गाडी आणली व तिच्या मापास 'झेड' हे नाव दिले. वर्णमालेतील अखेरचे अक्षर निवडण्यामागे याहून लहान गाडी आता होणे नाही, असा आत्मविश्वास होता. परंतु एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एइशिंदो या जपानी कंपनीने १:४५० प्रमाणाची, अवघ्या ३ मिलिमीटर रुळांवर धावणारी 'टी' गाडी करून तो आत्मविश्वास खोटा ठरवला.

'झेड' मापात एक किलोमीटर म्हणजे साडेचार मीटर. आपल्या जुन्या निळ्या गाड्यांचा सव्वाएकवीस मीटरचा डबा येथे पावणेदहा सेंटिमीटरचा होतो आणि फलाटावरचा मनुष्य साडेसात मिलिमीटरचा. सर्वांत लहान तयार वळणाची त्रिज्या १४.५ सेंटिमीटर असल्याने पूर्ण वर्तुळ साधारण एक फूट रुंदीत बसते. त्यामुळे कपड्यांच्या बॅगेत संपूर्ण रेल्वे मांडणारे हौशी लोक जगभर आढळतात. वसतिगृहातील पत्र्याच्या पेटीवर ज्यांनी अभ्यास केला, त्यांना एवढ्या जागेची किंमत निराळी सांगावयास नको.

मात्र सर्व गोष्टी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत, आणि या छंदाची खरी परीक्षा येथेच आहे. लांबी २२० पट घटली की पृष्ठभाग ४८,४०० पट घटतो व वजन एक कोटी सहा लाखांहून अधिक पटींनी. १२३ टनांचे डब्ल्यूएपी-७ हे विद्युत इंजिन या हिशेबाने साडेअकरा ग्रॅमचे होईल, म्हणजे दहा रुपयांच्या दीड नाण्याएवढे! गाडीच्या मोटारीस वीज मिळते ती रुळांतून चाकांमार्फत. एवढ्या हलक्या इंजिनाचे चाक रुळावर दाबून बसत नाही, आणि हवेतील धुळीचा कण तर आपल्यासाठी लहान झालेला नसतो. मोठ्या गाडीच्या चाकाखाली जो चिरडून जाईल, तोच कण येथे गाडी थांबवतो. यावर उपाय म्हणून कारखानदार इंजिनात जड धातूचा सांगाडा घालतात आणि शक्य तितक्या चाकांतून वीज घेतात. 'टी' मापात तर चाके चुंबकीय करून लोखंडी रुळांना धरून ठेवण्याची युक्ती योजली आहे. त्रैराशिक वहीत सोडवणारे मूल आणि त्रैराशिकामुळे अडलेली गाडी समोर पाहणारे मूल यांत आम्हांस पुष्कळ अंतर वाटते.

वेगाचेही तसेच. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे येथे सेकंदास साडेसात सेंटिमीटर. नवशिका हमखास याच्या तिप्पट वेगाने गाडी पळवतो आणि ती खेळणे वाटू लागते. वळणांच्या बाबतीत तर सर्वांनाच थोडी लबाडी करावी लागते. आपल्या रुंदमापी मार्गावरील अतितीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर असते; ती प्रामाणिकपणे उतरवायची तर सुमारे ८० सेंटिमीटर लागेल. म्हणून जाणकार मंडळी तीव्र वळणे डोंगराआड वा इमारतींमागे लपवतात आणि दर्शनी भागात रूळ सरळ किंवा किंचित वाकलेले ठेवतात.

आता पैसा. परदेशी बनावटीचे 'झेड' इंजिन दहा-पंधरा हजार रुपयांच्या घरात सहज जाते. हा खर्च कोणत्याही पालकाने मुलाच्या हौसेखातर आरंभीच करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुरुवात कागदाने करावी. डब्याच्या बाजू मापाने आखून कार्डशीटवर चिकटवाव्यात, खिडक्या धारदार पात्याने कापाव्यात आणि चिमटा व भिंग यांची सवय करावी. वापरून वाळवलेली चहाची भुकटी जमिनीसाठी, तुळशीच्या सुकलेल्या मंजिऱ्या झाडांसाठी आणि कापडातून गाळलेली वाळू रुळांखालच्या खडीसाठी चालते. खरी पाच सेंटिमीटरची खडी या प्रमाणात पाव मिलिमीटरहूनही बारीक होते, त्यामुळे चाळणीने भागत नाही. न धावणारी पण नेटकी अशी एक गाडी वर्षभरात पूर्ण करणाऱ्या मुलाने मग मोटारीचा विचार करावा.

आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी हाती घेतलेले काम बार्शी लाइट रेल्वेचे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेला हा ७६२ मिलिमीटर रुळांचा मार्ग १८९७ साली सुरू झाला आणि पुढे एका दिशेस लातूरपर्यंत व दुसऱ्या दिशेस पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत वाढला. प्रत्येक आसावरील भार पाच टनांच्या आत ठेवून हलक्या रुळांवरही भरपूर माल वाहता येतो, हे कॅलथ्रॉपला सिद्ध करावयाचे होते. त्यानेच नंतर इंग्लंडमध्ये केलेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या चिमुकल्या रेल्वेची प्रतिरूपे तेथील छंदिष्टांनी केली आहेत. ती रेल्वे १९३४ मध्येच बंद पडली. आपली बार्शीची गाडी त्यानंतर सत्तर वर्षे वारकऱ्यांची, बाजारकरूंची व शाळकरी मुलांची वाहतूक करत राहिली आणि रुंदीकरणात नाहीशी झाली. तिचे प्रतिरूप करावे असे आम्हांस वाटले, ते यामुळे.

कुर्डुवाडीस रुंद व अरुंद असे दोन्ही मार्ग एकत्र येत. तेच स्थानक निवडल्यावर एक सुखद योग जुळून आला. आपले रुंद रूळ १६७६ मिलिमीटरचे. 'झेड'चे ६.५ मिलिमीटरचे रूळ हे १:२२० प्रमाणात त्यांच्यासाठी अरुंद पडतात. परंतु प्रमाण १:२५५ धरले, तर १६७६चे ६.५७ होतात आणि ७६२चे २.९९! म्हणजे बाजारात मिळणारे 'झेड'चे रूळ रुंद मार्गासाठी व 'टी'चे रूळ बार्शीच्या मार्गासाठी जवळजवळ अचूक बसतात. हे प्रमाण कोणत्याही कारखान्याचे नाही, त्यामुळे तयार डबे व इमारती उपयोगी पडत नाहीत. सर्व काही हातांनी करावे लागते. तशीही बार्शीची गाडी कोणी तयार विकत नाही, तेव्हा तोटा काहीच नाही. दोनशे मीटरचा फलाट ७८ सेंटिमीटरमध्ये मावतो आणि सारे स्थानक एका प्लायवुडच्या फळीवर, कपाटामागे उभे करून ठेवता येते.

रूळ बसले आहेत, फलाट आकारास आला आहे. काम अडले आहे ते माहितीपाशी. जुनी छायाचित्रे कृष्णधवल असल्याने दारांचा रंग कळत नाही. फलाटावर झाड होते ते कडुनिंबाचे की चिंचेचे, पाण्याची टाकी दगडी चौथऱ्यावर होती की लोखंडी खांबांवर, अरुंद गाडीतून उतरून रुंद गाडीकडे जाताना पायऱ्या चढाव्या लागत की सपाटीनेच जाता येई, हे त्या गाडीने प्रवास केलेल्यांनाच ठाऊक असणार. अशी माणसे आता वयोवृद्ध झाली आहेत. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी त्या मार्गावरचे जुने तिकीट, छायाचित्र किंवा रेल्वेत नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांचे कागद असतील, तर ते पाहावयास मिळावेत ही विनंती. मूळ वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही. छायाप्रत काढून त्याच दिवशी परत करू. आणि कागद नसला, केवळ आठवण असली, तरी घरातील शाळकरी मुलाकडून ती लिहवून घेऊन शाळेकडे पाठवावी. दारांचा रंग आधी कळावा, कारण ती रंगवल्यावाचून छप्पर बसवता येत नाही.